ढोके साहेब आणि सात काड्या

मी आर्वी डेपोत कंडक्टर आहे. पंधरा वर्षं झाली माणसं चढवते-उतरवते आहे, आणि पायरीवर पाय ठेवतानाच मला कळतं की हा गुमान तिकीट घेणार की डोकं खाणार. ढोके साहेब डोकं खाणाऱ्यांतले. नुसते खाणारे नव्हेत, चाटूनपुसून खाणारे.

खोटं कशाला बोलू, मला हा माणूस कधीच आवडला नाही. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले ते आदरानं बसले असं कुणी समजू नये. शेवग्याच्या शेंगेचा धागा दाढेत अडकतो, जीभ सारखी तिकडेच जाते, तसं माझं झालं आहे. लिहून मोकळी होते.

दिसायला बुटके, पोट दोन पावलं पुढे. डोक्यावर पानापानांच्या नक्षीची टोपी, जंगलात दिसू नये म्हणून घालतात तसली. ही ते आर्वीच्या बसस्टँडवर घालायचे. अंगात खिशांचं जाकीट. खिसे अकरा. मी मोजले होते. दहा रिकामे आणि अकराव्यात सुपारी-तंबाखूचा खर्रा. जंगल खात्यातून वनपाल म्हणून रिटायर झालेले, आणि रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत धनुर्विद्येचे तज्ज्ञ झालेले. कसे झाले ते मला विचारू नका. मोबाइल सगळ्यांकडेच असतो.

त्यांची एक खोड होती. हातात लांबट असं काहीही आलं की ते डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवायचं, उजव्या हाताच्या दोन बोटांनी गरगर फिरवायचं आणि एक डोळा मिटून पाहायचं. पेन, उदबत्ती, गुंडाळलेलं तिकीट, शेजारणीची विणायची सुई, काहीही. फिरवून झालं की निकाल द्यायचे. "सरळ आहे" किंवा "यात बाक आहे." आणि मग तुमच्याकडे पाहून, "अनुभव बोलतो, मॅडम." निकाल ऐकून समोरच्यानं मान डोलवली नाही तर पुढच्या थांब्यापर्यंत समजावत बसायचे.

एकदा आठवडी बाजारात ते शेंगा घ्यायला उभे होते, मी मागेच वांगी निवडत होते. साहेबांनी एक शेंग उचलली, नखावर फिरवली, "बाक आहे" म्हणून ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. वीसेक शेंगा अशा नापास झाल्यावर भाजीवालीचा धीर सुटला. "साहेब," ती म्हणाली, "शेंग वरनात टाकाची हाये का कमठ्यावर चढवाची हाये?" आजूबाजूचे सगळे फिसकन हसले. कमठा म्हणजे आमच्याकडचं धनुष्य. साहेब हसले नाहीत. "बाई, नजर ही जन्मावी लागते," असं काहीतरी पुटपुटले आणि चालू लागले. शेंगा घेतल्या नाहीतच.

दर रविवारी ते धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर जायचे. तिथे नागपूरहून पाहुणे येतात, आणि त्यांना जेवणाआधी तासभर 'आदिवासी धनुर्विद्येचा अनुभव' देतात. अनुभव म्हणजे काय, तर थर्माकोलचं एक रानडुक्कर उभं केलेलं असतं, त्याला बाण मारायचा. त्याआधी ढोके साहेबांचं व्याख्यान, 'शिकारीसाठी बाणाची निवड'. शिकारीला बंदी. ती बंदी पाळली जावी म्हणून याच माणसानं तीस वर्षं पगार घेतला, आणि आता तो शिकारीचे बाण कसे निवडावेत ते सांगत होता. मला वाटतं याची गंमत अख्ख्या तालुक्यात मला एकटीलाच कळत होती.

हे व्याख्यान त्यांचं मी फुकट ऐकलं, कारण जाता-येता ते माझ्याच गाडीत त्याची तालीम करायचे. शेजारी कोण बसलं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. कापसाचा दलाल असो की गिरडच्या दर्ग्याला निघालेली म्हातारी असो. "बाण तीन गोष्टींवर निवडावा," साहेब एकेक बोट दुमडायचे. "सरळ, हलका, देखणा. सरळ असेल तर चुकणार नाही, हलका असेल तर वेगानं जाईल आणि देखणा असेल तर धनुर्धराला उत्साह येतो." दोरीला ते प्रत्यंचा म्हणायचे. घामोळं आलं की पाठीला शर टोचतात असं म्हणायचे आणि हसायचे. "जंगल मला ओळखतं," हे शेवटचं वाक्य. ओळखत असणारच, आम्हीही ओळखत होतो.

मी घरी जाऊन माझ्या बापाला हे तीन गुण ऐकवले. माझा बाप चिंधू उईके, सत्तरी ओलांडलेला, अंगणात दोरी वळत बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "तीर पाह्यले गेलता का नवरी पाह्यले?"

आता माझ्या बापाबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं गाव आर्वीपासून तासाभरावर, डोंगराच्या कडेला. आम्ही गोंड. माझ्या आजानं धामणीच्या लाकडाचा एक कमठा केला होता आणि तो बापाकडे आला. बाप तरुणपणी आजासोबत त्या कमठ्यानं डुकराच्या शिकारीला जायचा. माझ्या जन्माआधीच ते सुटलं. मी पाहिलं ते एवढंच की भुईमुगात डुकरं शिरली की बाप कमठा घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसायचा आणि डुकरांच्या पुढ्यात, मातीत तीर मारायचा. डुकरं पळायची, बाप तीर उपटून आणायचा, पुसायचा आणि परत ठेवायचा.

पण तीर निवडण्याचं त्याचं शिकारीच्या वेळचं शास्त्र सुटलं नव्हतं. मातीत मारायचा असला तरी तीर तो डुकरावर मारायचा असल्यासारखा निवडायचा. थंडीत तोडलेल्या वेळूच्या बारीक काड्या वर्षभर चुलीच्या धुरावर ठेवायच्या. मग पन्नासातल्या सात-आठच निवडायच्या. बाक असला तर त्याची त्याला फारशी फिकीर नसायची. "बाक शेकून काढता येते," तो म्हणायचा, "जीव नाई घालता येत." जीव म्हणजे किती वाकतो आणि किती जोरानं सरळ होतो ते. काडी उंबऱ्यावर टेकवून तो अंगठ्यानं मधोमध दाबायचा. तीर कमठ्याच्या अगदी सरळ रेषेत नसतोच, एका अंगाला असतो. सुटताना तो कमठ्याच्या कडेनं जरासा वाकून निघतो, अरुंद खोलीत खाटेच्या कडेनं आपण अंग चोरून निघतो तसा. जास्त कडक काडी वाकत नाही, ती डावीकडे जाते. जास्त नरम असली की उजवीकडे. आणि कुठली कडक, कुठली नरम, हे ज्याच्या त्याच्या कमठ्यावर असतं. म्हणून त्या कमठ्याचे ते तीर. शेजारच्याचे चालत नाहीत. आणि वजन पाहिजे. डुकराला वेग समजत नाही, वजन समजतं.

मी आठवीत असताना बापानं त्या कमठ्यासाठी सात तीर निवडले होते. कमठ्याची मूठ घामानं घसरायची, म्हणून मी माझी शाळेची लाल रिबन त्याला दिली. दोनच होत्या, त्यातली एक. दुसऱ्या दिवशी एका वेणीला रिबन आणि दुसरीला सुतळी लावून शाळेत गेले, बाईंनी उभं केलं. बापानं ती रिबन मुठीवर गच्च गुंडाळली आणि टोकाला लाखेचा थेंब दिला.

त्याच हिवाळ्यात ढोके साहेब आमच्या घरी आले.

तेव्हा पोट एवढं पुढे नव्हतं, टोपी खाकी होती. सोबत एक गार्ड. कुणीतरी सांगितलं म्हणे की चिंधूच्या घरी ससा शिजतो. बाप ओसरीवर एक तीर अंगठ्याच्या नखावर फिरवत बसला होता. साहेब तिथेच उभे राहून ते पाहत राहिले, मला नीट आठवतं. माझ्या बापाची सगळी विद्या समोर होती, त्यातलं त्यांनी एवढंच उचललं, नखावर फिरवणं. मग घरात शिरून चुलीवरचं झाकण काढलं. वांगी होती. वांगी निघाल्यावर माणूस जरा तरी ओशाळेल की नाही? हे उलट चिडले.

"कमठा काढ," ते म्हणाले.

"साहेब, डुकरं हाकलाचा हाये जी."

"काढ म्हटलं ना!"

बापानं खुंटीवरचा कमठा काढून दिला. आणि पाठोपाठ सात तीर पुढे केले. "नेता त हेही न्या जी. याचे तीर हायेत हे. दुसरे लागनार नाई त्याले."

ढोके साहेबांनी ओठ वाकडा करून तिरांकडे पाहिलं. "ह्या काड्या? ह्या काड्या घेऊन काय चूल पेटवू?"

आणि कमठा तेवढा घेऊन गेले. कागद नाही, सही नाही, अंगठा नाही.

बाप तो परत मागायला तीनदा ऑफिसात गेला. तिन्ही वेळा चालत. तिथला बाबू भला माणूस होता, रजिस्टर काढायचा, पान न् पान बघायचा आणि रजिस्टर बापाकडे फिरवून दाखवायचा. बापाला वाचता येत नव्हतं तरी दाखवायचा. "या नावानं काही जमा नाही, बाबा." तिसऱ्यांदा त्यानं बापाला बसवलं आणि पाणी दिलं. बाप घरी येऊन म्हणाला, "बाबूनं पानी देल्लं," आणि पुन्हा गेला नाही. सात तीर आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीच्या वर ठेवून दिले. ती पुरचुंडी पंचवीस वर्षं तिथेच होती. काढायची, पुसायची, परत ठेवायची.

एका रविवारी ढोके साहेब गाडीत चढले ते हातात हिरव्या कापडाची लांब पिशवी घेऊन. बसले, पिशवीची नाडी सोडली आणि शेजाऱ्याला दाखवायला आतलं धनुष्य अर्धं बाहेर काढलं. मुठीवर रिबन होती. लाल राहिली नव्हती, विटकरी झाली होती. टोकाला लाखेचा थेंब.

मी तिकिटाचं मशीन हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागून कुणीतरी "बाई, वर्धा एक" म्हणून ओरडत होतं. मग राग आला, आणि रागात मी काय केलं, तर त्या कमठ्याचं लगेजचं तिकीट फाडलं. नियमात बसतं की नाही देव जाणे. साहेबांनी पाऊण तास वाद घातला. "मॅडम, हा सांस्कृतिक ठेवा आहे!"

"ठेवा असो का गठुडं असो," मी म्हटलं, "अडीच हाताच्या वर लांब आहे."

त्यांनी दिले पैसे. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण काही वाटलं नाही. आपल्याच घरच्या वस्तूचं लगेज फाडून काय बरं वाटणार?

घरी सांगितलं तेव्हा बापानं हातातली दोरी खाली ठेवली. मग एवढंच विचारलं, "सुकला असन ना गा? तेल देते का कोनी?"

त्यानंतर महिन्याभरात रिसॉर्टवर साहेबांची फजिती सुरू झाली. हे मला गजानन सांगायचा, तो तिथे वॉचमन आहे आणि माझ्याच गाडीनं येतो-जातो. साहेबांनी बारा बाण मागवले होते, कार्बनचे, काळे कुळकुळीत, मागे नारिंगी प्लास्टिकची पिसं. सरळ, हलके, देखणे. आणि एकूण एक डावीकडे जायचे. थर्माकोलचं डुक्कर उभं असायचं आणि बाण लिंबोणीत जायचे. पाहुणे हसायचे. पोट्टे ओरडायचे, "अंकल, डुक्कर इकडं हाये!" शेवटी गजाननच त्यांना म्हणाला की डोंगराकडे चिंधू उईके म्हणून एक म्हातारा आहे, तो कमठा पाहून तीर सांगतो.

साहेबांनी मला गाडीत विचारलं, "चिंधू उईके माहीत आहे का?"

"माहीत आहे. माझा बाप आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काही हललं नाही हो त्या तोंडावर. "अरे वा!" म्हणाले. "मग तर सोयच झाली."

माझ्या सुट्टीच्या दिवशी ते आमच्या घरी आले. त्याच ओसरीवर बसले. ओसरीकडे, खुंटीकडे, चुलीकडे सगळीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "छान आहे. अगदी नॅचरल." पिशवीतून कमठा काढून बापाच्या मांडीवर ठेवला.

बापानं त्याच्यावरून हात फिरवला. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, सावकाश. रिबनवर बोटं थांबली. "कोठून आनला जी साहेब?"

"भेट मिळालाय. आदिवासी बांधवांनी प्रेमानं दिलाय."

"असं जी," बाप म्हणाला.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी तोंड उघडलंच होतं, बापानं नुसतं पाहिलं माझ्याकडे, आणि मी आतून जवसाच्या तेलाची वाटी आणून त्याच्यापुढे आपटली. त्यानं कमठ्याला तेल लावलं. मग लहान पोरानं मागावं तसं साहेबांना विचारलं, "एक डाव ओढून पाहू का जी?"

"नको, नको!" साहेबांनी कमठ्यावर हात ठेवला. "जुना आहे, आजोबा. चुकून तुटला-बिटला तर?"

बापानं हात काढून घेतला. मी ढोके साहेबांना आयुष्यात जे काही माफ केलं असतं नसतं, ते त्या दिवशी सगळंच रद्द झालं.

साहेबांनी कार्बनचे बारा बाण ओसरीवर मांडले. बापानं एक उचलून बोटावर तोलला. "याचं वजन कोठी गेलं?"

"हलका आहे. म्हणून तर वेगवान!"

"साहेब, आयका. कमठा ओढला का त्यात जोर भरते. तो जोर तिरानं घेऊन जा लागते. हलका तीर कायले घेऊन जाते? थोडासा नेते, बाकी जोर कमठ्यातच राह्यते. मंग तो जोर कमठ्यालेच फोडते. हे लावू नोका."

"आजोबा, ऑलिम्पिकमध्ये हेच वापरतात."

"मंग कमठाही थेथचाच आना जी."

बाप उठला आणि आत गेला. चुलीवरच्या पुरचुंडीकडे हात जाताना दिसला तशी मी मागे धावले. "बाबा, काऊन देता? त्या मानसाले काऊन देता?" मी दात-ओठ खात कुजबुजले. "द्याच असन त दुसरे द्या, नरम द्या! होऊ द्या फजिती चार लोकांत. नाई त सांगा ना तोंडावर, का हा माझा कमठा हाये!"

"सांगून भेटत असता त तवाच भेटला असता."

"मंग तीर तरी ठेवा!"

"शेवंता," बाप म्हणाला, "तो मानूस कसाही असन. कमठ्यानं आपलं काय वाईट केलं? ते हलके तीर लावून मोडून टाकन तो त्याले. मोडू देऊ का?"

बापाला कमठा परत मिळण्याची आशाच राहिली नव्हती. तो साबूत राहावा एवढंच त्याला पाहिजे होतं, मग भले कुणाच्याही घरी असेना. त्यानं सात तीर बाहेर नेले आणि साहेबांपुढे ठेवले. धुरानं काळपट झालेले, मागे कोंबड्याची पिसं, एक-दोन कीड लागून झडलेली.

ढोके साहेबांनी ओठ वाकडा केला. तोच ओठ, तसाच वाकडा. "ह्या काड्या?"

मी बापाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. "याच चालतीन जी त्याले. दुसरं काई लावू नोका, हात जोडतो."

"असू द्या, असू द्या. डिस्प्लेला बऱ्या दिसतील." त्यांनी त्यातला एक नखावर फिरवला, अर्थातच. "बाक आहे," म्हणाले.

पुढचं गजाननच्या तोंडून कळलं. पुढच्या रविवारी नागपूरची मोठी पार्टी होती, सोबत मोठा कॅमेरावाला. साहेबांनी सात तीर भिंतीला टांगले होते, मागे रंगीत कागद लावून. कॅमेरावाला म्हणाला, सर, पूर्ण ओढा, अजून ओढा, कानापर्यंत. साहेबांनी कार्बनचा बाण लावला आणि कानापर्यंत ओढला. सुटला आणि कमठा मुठीच्या वर कडकन मोडला. वरचा तुकडा उलटा येऊन साहेबांच्या नाकावर बसला. बाण लिंबोणीत. "डुकराले काई झालं नाई," गजानन म्हणाला आणि गाडीभर लोक हसले. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब गाडीत चढले तेव्हा नाकावर पट्टी होती आणि काखेत एक गठुडं. हिरवी पिशवीही नव्हती आता. कमठ्याचे दोन तुकडे आणि सात तीर सगळं एकाच सुतळीनं सरपणासारखं बांधलेलं. शेजाऱ्यानं नाकाचं विचारलं. साहेब म्हणाले, "लाकूड कच्चं निघालं. काय आहे, या लोकांना लाकडाची निवड कळत नाही." मी एका हाताच्या अंतरावर उभी होते. मी लगेज नाही फाडलं. माझ्यानं मशीनचं बटणच दाबवेना.

आर्वीला साहेब उतरले. गठुडं बाकाखाली राहिलं. मी ते पाहत होते. हाक मारायला एक क्षण पुरला असता, मी मारली नाही.

आमचा नियम साधा आहे. गाडीत सापडलेली वस्तू डेपोत जमा करायची आणि रजिस्टरमध्ये लिहायची. पंधरा वर्षांत मी छत्र्या जमा केल्या, डबे जमा केले, एकदा कवळी आणि एकदा जिवंत कोंबडी जमा केली. एक रुमाल कधी घरी नेला नाही. ते गठुडं मी घरी नेलं.

बापानं सुतळी सोडली. आधी तीर पाहिले, एकेकाचं मागचं टोक, जिथे दोरी बसते ते. "एकही लावला नाई," म्हणाला. मग तुकडे जोडून पाहिले, मोडलेल्या जागी अंगठा ठेवला, आणि रडला. माझी आई गेली तेव्हा मी त्याला असं रडताना पाहिलं होतं. त्या दिवशी जेवला नाही. चार दिवसांनी पाहिलं तर धुऱ्यावरच्या धामणीची एक फांदी आणून ओसरीत सोलत बसला होता, आणि शेजारी सात तीर मांडलेले. एरवी कमठा पाहून तीर निवडतात. तो तीर पाहून कमठा करत होता. "जुळन का?" मी विचारलं. "पाहू," म्हणाला. हात थरथरतात आता त्याचे. एक फांदी वाया गेली, ही दुसरी.

ढोके साहेबांना शेवटचं पाहिलं ते चौकशीच्या खिडकीतून. गुडघा सुजला म्हणून मला पंधरा दिवस खिडकीत बसवलं होतं. नाकावरची पट्टी निघाली होती, नाक जरा डावीकडे बसलं होतं.

"मॅडम, माझं धनुष्य गाडीत राहिलंय. जमा झालं असेल. रिसॉर्टवाले तुकडे फ्रेम करणार आहेत, माझ्या फोटोसोबत."

मी रजिस्टर काढलं. बोटाला थुंकी लावून तीन पानं उलटली, अगदी सावकाश, एकेका ओळीवर बोट फिरवत. मग ते त्यांच्याकडे फिरवलं.

"या नावानं काही जमा नाही, साहेब."

आणि वाट पाहिली. मला वाटत होतं आता आठवेल. कागदाशिवाय नेलेला कमठा आठवेल, त्याचा धनी आठवेल, काहीतरी त्या डोळ्यांत हलेल. पंचवीस वर्षं मी ते एक वाक्य त्यांना ऐकवायची वाट पाहत होते असं म्हटलं तरी चालेल.

साहेबांना काहीही आठवलं नाही. ते तापले. "असं कसं? दुसऱ्याची वस्तू उचलायची, नोंद नाही, काही नाही, सरळ घरी न्यायची? लाज कशी वाटत नाही लोकांना?"

माझे कान गरम झाले. "उद्या येऊन पाहा," मी म्हटलं.

ते दुसऱ्या दिवशी आले. मी रजिस्टर फिरवून दाखवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा आले, उन्हातून, टोपी भिजलेली, आणि खिडकीच्या कठड्याला धरून उभे राहिले. मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं आणि माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. का दिलं माहीत नाही. देऊ नये असं वाटत होतं आणि दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी रजिस्टरला दोऱ्यानं बांधलेलं माझं पेन उचललं. नखावर टेकवून गरगर फिरवलं, एक डोळा मिटला, आणि त्या पेनवरून माझ्याकडे पाहिलं.

"यात बाक आहे, मॅडम," म्हणाले आणि गेले. आयुष्यात एवढं एकच त्यांनी बरोबर ओळखलं असेल.